दुखतंय तिथंच मिश्री

अक्काच्या गालाला आतून पांढरा चट्टा उठला होता. तिखट लागलं की आग व्हायची. त्यावर तिनं इलाज काय केला? तिथंच बोट दाबून तंबाखूची मिश्री लावली. मिश्रीनं तोंड बधिर होतं, दुखणं कळत नाही. ज्यानं जखम केली तेच औषध! आमच्या बिदर जिल्ह्यात, भालकी-हुलसूरकडं हा इलाज घरोघरी आहे आणि मला त्याची चीड आहे. दाढ दुखली, मिश्री. पोट साफ होईना, मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. बाईनं विडी ओढली तर गाव तिच्या तोंडात शेण घालेल. मिश्रीला मात्र कुणी नशा म्हणत नाही. दात घासणं म्हणतात.

अक्का माझी थोरली बहीण, हुलसूरला दिलेली. तिनं शाळा सोडून खुरपं धरलं म्हणून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच. हे मी मान वर करून सांगते. कुणाला टोचलं तर टोचू दे.

बिदरच्या दवाखान्यात चट्टा कापून तपासायला पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही अजून, पण पेशी बिघडायला लागल्यात. मिश्री आजच सुटली तर आशा आहे. टाके घातलेला गाल घेऊन आम्ही हुलसूरला अक्काच्या घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका बघायला आल्या. आजाऱ्याला बघायला जाताना लोक केळी नेतात. ह्यांनी ताजी भाजलेली मिश्री आणली. अक्काच्या सासूनं डबी उघडून तिच्या पुढ्यात सारली.

"लाव गं थोडी. ठणका मरतोय."

माझं डोकंच फिरलं. डबी उचलली आणि नेऊन उकिरड्यावर उपडी केली.

"अगं बया! सोन्यासारखी मिश्री!" शेजारीण ओरडली. "काय करायलीस?"

"बुकं जास्ती झाल्यात तिला," सासू म्हणाली. "माझ्या सासूनं मरेस्तोवर लावली. काय झालं तिला?"

"आत्याबाई, मेलीच की ती. कशानं मेली?"

"कशानं म्हंजी? म्हातारी झालती. शेवटी घास उतरंना."

"कामून उतरंना?"

मग शेजारणीनं पदर सावरत हळूच भानामतीचं काढलं. म्हातारीवर कुणीतरी करणी केली असंल म्हणे! तंबाखू डोळ्यांपुढं भाजायची आणि दोष न दिसणाऱ्या माणसाला द्यायचा.

बायका गेल्यावर अक्कानं विचारलं, "आत नेमकं काय होतंय? मला समजंल असं सांग."

मी सांगितलं. गालाची कातडी रोज झिजते, रोज नवी येते. नवी पेशी कशी व्हावी हे जुन्या पेशीतल्या डीएनएत लिहिलेलं असतं, आणि दर वेळी त्याची नक्कल होते. मिश्रीतलं विष त्या लिखाणाला चिकटतं, मग नक्कल चुकते. शरीर चुका दुरुस्त करतं, पण तू दिवसभर विष लावत राहिलीस तर ते कुठवर पुरं पडणार? एखादी चूक नेमकी वाढ थांबवणाऱ्या जागी झाली, की मग उसाच्या भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा उतारावर ब्रेक तुटल्यासारखं. पेशी थांबतच नाही.

"मग आता सोडल्यावर ते लिखाण परत नीट होतंय?"

खोटं बोलता आलं असतं. "झालेल्या सगळ्याच चुका पुसल्या जातील असं न्हाई. नव्या कमी होतील."

अक्का भडकली. "मग कामून सोडू? मिश्री न्हाई तर सकाळपासनं डोकं फुटायलंय माझं. तुला काय, तू सांगून मोकळी!"

"एका चुकीनं कॅन्सर होत न्हाई, अक्का. चुकीवर चूक साचावी लागती. तुझं माप अजून भरलं न्हाई. भरायचंय का?"

ती भिंतीकडं तोंड करून पडली. सासू दारात बसून बोटानं दात घासत होती. तिच्या कमरेला तिची स्वतःची डबी होतीच. तो वास घरभर होता. अक्का उठली. मला वाटलं, गेली आता डबीकडं.

ती सासूसमोर जाऊन बसली. टाक्यांमुळं तोंड नीट उघडत नव्हतं, तरी म्हणाली, "आत्याबाई, चूळ भरा आन् तोंड उघडा. मला आत बघायचंय."

"माझं काय बघतीस गं?"

"उघडा म्हणलं ना! कधीपासनं तिखट सोडून भाकर चहात भिजवून खायलाव तुमी?"

म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले.