कापून पाहिलेला रस्ता

सरजाबाईंनी तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर खडी फोडली. भाषण करणाऱ्यांविषयी त्यांचं मत तिथंच बनलं. "खडी टाकणारा बोलत न्हाई, बोलणारा टाकत न्हाई." गेल्या वर्षी जागा महिलांसाठी राखीव झाली आणि त्या आमच्या गावच्या सरपंच झाल्या.

गावापासून चुडावा स्टेशन अडीच किलोमीटर. पावसाळ्यात काळ्या चिखलातून भाजीच्या पाट्या नेणाऱ्या बायकांची सकाळची गाडी चुकते आणि वांगी घरीच सडतात. म्हणून डांबरी रस्ता मंजूर झाला. तो झाला. आता काम चांगलं झाल्याचा दाखला सरजाबाईंच्या सहीनं द्यायचा होता.

उद्घाटनाला ठेकेदार बसवंतरावांनी प्राध्यापक बन्सीधर यांना आणलं. आम्हा अडाण्यांना रस्त्याचं महत्त्व कळावं म्हणून. सर थेट रोमला पोचले. रोमन लोक खाली मोठाले दगड भरत, त्यावर खडी, वर फरशी. त्यावरून तेल, धान्य जाई. राजाचं तोंड असलेलं चांदीचं नाणं साऱ्या मुलखात चाले. पुढच्या राजांनी चांदी कमी केली. आत तांबं, वर मुलामा. व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला.

"सर, खोटं नाणं वळखायचं कसं?" सरजाबाईंनी विचारलं.

"कापून बघायचं," सर खुशीत म्हणाले.

सरजाबाईंनी पहार मागवली. तीन घावांत डांबराचा पापुद्रा निघाला. खाली मूठभर गिट्टी, त्याखाली थेट काळी माती. मुरूम नाही, दगड नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. असा रस्ता दसरासुद्धा पाहत नाही. हे शिकायला मला सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागला.

बसवंतराव पुढं धावले. "मावशी, पाहुण्यांसमोर हे काय करायल्यात?"

"पाहुण्यांनीच सांगितलं न्हवं, कापून बघा म्हून."

"सही न्हाई केली तर मशिनी उद्याच नेतो, डागडुजीला परत येणार न्हाई. मग तुडवा चिखल."

"तुडवू की. त्या राजाचं तोंड नाण्यावर तरी व्हतं. तुमचं फ्लेक्सवर हाय, पाऊस आला की गुंडाळून ठेवताल."

मशिनी गेल्या. पहिल्याच पावसात डांबराचा पापुद्रा उखडला आणि चिखल वर आला. त्या पावसाळ्यात सरजाबाईंच्या सुनेची, मंजुषाची, अकरा वेळा गाडी चुकली. ती सासूशी दोन महिने धड बोलली नाही. गावानंही शिव्या घातल्या.

पण दाखल्याशिवाय बिल निघेना. दिवाळीनंतर बसवंतराव मुरमाचे टिप्पर घेऊन आले. सरजाबाई आता रोज रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात.

"चहा घ्या, मावशी," ते लाडीगोडीनं म्हणतात.

"आधी दुसरा थर दाबा."