आमच्या घरातलं पित्त

आमच्या घरात सूज आली की तिला पित्त म्हणायचं, हे ठरलेलं होतं. ओठ सुजला, पित्त. हात भाकरीसारखा फुगला, पित्त. पोटात कळा येऊन माणूस गडबडा लोळला, तरी पित्तच. मग आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं, घोंगडीवर निजवायचं आणि काल काय खाल्लं याची चौकशी सुरू करायची. जो पदार्थ हाती लागेल तो त्या माणसाच्या पानातून कायमचा हद्दपार. माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, असं करत करत वांगं सुटलं, शेंगदाणे सुटले, दही सुटलं आणि शेवटी हरभऱ्याची डाळही सुटली. डाळीबरोबर पुरणपोळी गेली. सणाला आम्ही तुपात बुडवून पुरणपोळ्या हाणायचो आणि अप्पा साधी पोळी घेऊन मान खाली घालून जेवायचे. सूज यायची तेव्हा यायचीच.

एकदा अप्पा दाढ काढून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा आतून सुजला आणि ते गेले. पित्त गळ्यात चढलं, असं सगळे म्हणाले. आम्हीही तसंच म्हणत राहिलो.

खरं काय ते मला अलीकडे कळलं. माझी सूज ॲलर्जीच्या गोळ्यांना दाद देईना, म्हणून एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हे पित्त नाही आणि ॲलर्जीही नाही, असं त्यांनी सांगितलं. अंगाला खाज नाही, गांधी नाहीत, नुसती सूज. आजार आनुवंशिक आहे. रक्तात आवर घालणारं एक प्रथिन असतं, ते आमच्याकडे नीट काम करत नाही. मग ब्रॅडीकायनिन नावाचं रसायन मोकाट सुटतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि आतलं पाणी बाहेर मांसात उतरतं, माठ पाझरतो तसं. दात काढला, मुका मार लागला, नुसती काळजी केली तरी पुरतं. जेवणाचा दोष नाहीच म्हणा ना. त्यांनी मला एक इंजेक्शन कायम पर्समध्ये ठेवायला सांगितलं आणि बजावलं, "भावालाही तपासून घ्या."

भाऊ, म्हणजे अण्णा, इथे बंगळुरातच शिवाजीनगरात कापडाचं दुकान चालवतो. त्याचेही ओठ सुजायचे. मी तपासणीचं काढलं की हसायचा. "मला काय धाड भरलीय? मी पथ्य पाळतो. तू बाहेरचं खातेस, तुला होतं." मी चिडायची, फोन आपटायची आणि आठवड्याने पुन्हा तेच सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी सकाळपासून मला कुठेच चैन नव्हतं. सूज येण्याआधी माझं असंच होतं. उठते, बसते, खिडकी उघडते, लावते, नवऱ्यावर खेकसते. एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसात काम सुचेना, तेव्हा अप्पांच्या श्राद्धाचं ठरवायला म्हणून अण्णाला फोन लावला. तिथी परवावर आली होती.

पलीकडून आलेला आवाज अण्णाचा वाटेचना. घोगरा, जाड, तोंडात बोळा कोंबल्यासारखा.

"काय झालं तुला?"

"काही नाही गं. काल दाढ काढली. स्वल्प पित्त उठलंय."

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा," मी ओरडले. त्याने गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. वहिनींना लावला तर त्या म्हणाल्या, "गोळी दिलीय, आमसुलाचं पाणीही लावलंय. येईल उतार. किती घाबरता तुम्ही!"

मी रिक्षा पकडली. सिल्क बोर्डच्या चौकात नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. मी रिक्षावाल्याला घाई केली, त्याने मान मागे वळवून रस्ता माझ्या बापाचा नाही, असं कन्नडमध्ये सुनावलं. बरोबरच होतं त्याचं. तेवढ्यात अंगठी रुतायला लागली. माझा उजवा हात सुजत होता, आणि इंजेक्शन एकच होतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हाताची सूज आपोआप उतरेल. घसा थांबणार नाही. त्यांना इमर्जन्सीत न्या, इंजेक्शन तिथेच देऊ दे. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

दुकानात अण्णा गल्ल्यावर बसला होता. गळ्याला मफलर, तोंडाला रुमाल. लाळ गिळता येत नव्हती, ती टिपत होता आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला साडीचा काठ दाखवत होता. मला बघून त्याने थांब अशी खूण केली. माझा संयम संपला. भरल्या दुकानात मी किंचाळले, "अप्पा असेच गेले ना रे! दाढ काढली आणि गेले! तुलाही तसंच जायचंय का?"

मागे कापडाच्या घड्या घालणाऱ्या वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णाने साडी तशीच टाकली आणि उठला.

इमर्जन्सीत त्याच्या पोटावर ते इंजेक्शन दिलं. गरज पडली तर म्हणून श्वासाची नळी उशाशी तयार ठेवली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. दारापर्यंत जायचं, आत डोकावायचं, परत यायचं. नर्स बसा म्हणाली, तिच्यावरही खेकसले. माझी बोटं मिटेनाशी झाली होती. मला भीती वाटत होती, आणि अण्णाचा भयंकर राग येत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत आवाज मोकळा होऊ लागला. त्याने घोटभर पाणी गिळलं. मी पलंगाच्या कडेवर टेकले. तो माझ्या सुजलेल्या हाताकडे बघत राहिला.

"म्हणजे डाळीचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"मग अप्पांनी पुरणपोळी..."

त्याने रुमाल डोळ्यांना लावला. मलाही रडू आवरेना. दर श्राद्धाला आम्ही अप्पांचं पान पुरणाशिवाय वाढत होतो. त्यांना सोसत नाही म्हणून. गेल्यावरसुद्धा आम्ही त्यांना पथ्यावरच ठेवलं होतं.

वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"परवा तिथी आहे," त्या म्हणाल्या. "जाताना हरभऱ्याची डाळ घ्यायला हवी."