बाकं नेमकी कुणाची

हडपसरला आम्ही दोघी मैत्रिणी शाळांसाठी विज्ञानाची खेळणी बनवायची छोटी कंपनी चालवतो. एके दिवशी कंपनीच्या नावाने वकिलाची नोटीस आली. सहा बाकं आणि चार पुस्तकांच्या मांडण्यांची थकलेली रक्कम भरा, नाहीतर कोर्टात जाऊ. आम्ही आयुष्यात एकही बाक घेतलं नव्हतं.

ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या, "गप्प बसू नका. गप्प बसलात तर कबूल केलं असं धरतील. ऑर्डर कुणी दिली, त्याचा कागद मागा."

मागितला. मोबाईलवर फोटो आला आणि मी खुर्चीतच हसायला लागले. लेटरहेड आमच्या कंपनीचं, अक्षर माझ्या बाबांचं.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. वस्तीतल्या बुद्धविहारात त्यांनी आणि शेजाऱ्यांनी समिती करून मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली होती. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "समितीचे कागद छापायला दिले होते. तुझे घरात पडून होते. खाली 'समितीकरिता' लिहिलंय की मी."

"आणि पैसे?"

"बिलच आलं नाही. आम्ही वाट बघतोय."

बिलं येत होती, पण आमच्या ऑफिसात. आणि माझी मैत्रीण ती 'आमची नाहीत' म्हणून इमानदारीत परत पाठवत होती.

कंपनीने ही ऑर्डर दिलेली नाही, असं लेखी उत्तर आम्ही पाठवलं. मग बाबांना घेऊन मी फर्निचरवाल्यांच्या कारखान्यात गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "कागद तुमचा, पत्ता तुमचा, सही वडलांची, आणि बाकं तिसऱ्याचीच. छान."

बाबा म्हणाले, "चला, तिसरा दाखवतो."

अभ्यासिकेत पंचवीसेक मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडून बसली होती. जागा पुरत नव्हती म्हणून दोघं खिडकीत. फर्निचरवाले दारातच थबकले. समितीच्या सचिवबाईंनी बाकं समितीने घेतल्याचं लिहून दिलं आणि तिथेच चेक फाडला. फर्निचरवाल्यांनीही आमच्या कंपनीकडे काही येणं नाही, नोटीस मागे घेतली, असं सही करून दिलं.

निघताना ते एका बाकावर टेकले. बाक डुगडुगलं. त्यांचा चेहरा पडला. "हे माझ्याकडून असं गेलं?" म्हणत त्यांनी गाडीतून हत्यारं आणली आणि जमिनीवर बसून बाकाच्या पायाखाली पाचर ठोकायला घेतली.

बाकावरच्या मुलीने पुस्तकातून मान वर केली. "काका, आवाज जरा हळू. परवा पेपर आहे."

"हो ताई," ते कुजबुजले, आणि हातोडीला रुमाल गुंडाळून ठोकू लागले. बाबांना हसू आवरेना. त्या मुलीने त्यांनाही बाहेर काढलं.