काकूंचा कापूस आणि सशाची पिल्लं

माझ्या घरी पिल्लं पाहायला येऊन राहिले ना सगळे, उद्यापासून येऊ नका.

सौंसरच्या बाजारात दोन्ही नर म्हणून मला सशांची जोडी दिली होती. परवा त्यातल्या एका 'नरा'ला पाच पिल्लं झाली! आपल्याच पोटाचे केस उपटून तिनं त्यांना मऊ बिछाना केला होता.

आज मी शाळेत शिकवत होते. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्यांनी तो बिछाना कचरा समजून फेकला आणि पिल्लांच्या खोक्यात घरचा कापूस भरला. मी आले तर एका पिल्लाच्या पायाला कापसाचा धागा आवळलेला, पाय निळा पडलेला. नखाएवढा पाय! कात्रीचं टोक जपून आत सरकवून मी धागा कापला.

काकू म्हणतात, "एवढी काऊन चिडून राहिली? आमच्या सुनेच्या बाळंतपणात बी हाच कापूस होता."

सुनेला तरी विचारलं होतं का, काकू?

मी सगळा कापूस काढला. तशी ती आई आली आणि उघड्या पडलेल्या पोटाचे उरलेसुरले केस पुन्हा उपटायला लागली.

हे पाहायला येता का कोणी?