चाकामागचा दगड

आमच्या व्हॅनला पंधरा वर्षं झाली, तेव्हा नियमाप्रमाणे ती यवतमाळला पासिंगला न्यावी लागली. पास झाली तर चालेल, नाहीतर भंगारात. नवरा आठवडाभर नीट जेवला नाही. मला गाडीचं एवढं काही नव्हतं, काळजी त्याची होती. गाडी गेली की हा माणूस दिवसभर घरात बसणार आणि मी भाजीत मीठ किती टाकते ते बघणार. शिवाय दिग्रसचा बाजार, आर्णीची बहीण, सगळं माझं एस्टीच्या भरवशावर जाणार. मला दोन्ही नको होतं.

चौथी शिकलेली बाई गाडीबद्दल काय सांगणार, असं कोणाला वाटेल. पण पंधरा वर्षं मी तिच्या पुढच्या सीटवर बसले आहे, आणि या गाडीचं इंजिन त्याच सीटखाली असतं. ते तापलं की नवऱ्याच्या आधी मला कळतं. इंजिन मात्र चांगलं. त्याने एकदाही दगा दिला नाही. बाकी सगळ्याने दिला. सरकतं दार दर पावसाळ्यात पट्टीवरून उतरतं. ते थोडं वर उचलून ओढायचं, हे आमच्या तांड्यातल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. क्लचची तार तुटते, म्हणून एक जास्तीची तार कायम समोरच्या खणात असते. पायाखालचा पत्रा सडून रस्ता दिसायला लागला, तेव्हा नवऱ्याने तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. एकदा दारव्ह्याच्या अलीकडे रेडिएटर गळायला लागला, तर मी बाजाराच्या पिशवीतली हळद त्यात ओतली. ट्रकवाले तसं करतात, हे ऐकून होते. गळती थांबली. ती युक्ती आपलीच होती, असं नवरा अजून लोकांना सांगतो.

माझा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरायचा, असं आई सांगायची. बैल उतारावर सोडला तरी जागेवर उभा राहतो. आमची गाडी राहत नव्हती. हँडब्रेक जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. नवऱ्याने तो दुरुस्त केला नाही, कारण त्याच्याकडे मी होते. गाडी चढावर थांबली की मी उतरायचं आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. काळा, एका बाजूने सपाट असा तो दगड माझ्या दोन पायांच्या मध्ये ठेवलेला असायचा. ब्रेक करून घ्या, असं मी कितीदा म्हटलं. तो म्हणायचा, तू आहेस ना.

पासिंगच्या आदल्या दिवशी दिग्रसच्या मिस्त्रीकडे गेलो. तो गाडीखाली सरपटत गेला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "मावशी, हँडब्रेकची केबल तर कवाचीच तुटली. कायच्या भरोशावर थांबवून राह्यले तुमी गाडी?"

"माह्या," मी म्हटलं.

त्याने नवी केबल टाकली, ब्रेकचे लायनर बदलले, लोंबणाऱ्या सायलेन्सरला वेल्डिंग केलं. नवरा म्हणाला, आता तो दगड फेकून दे. चांगला दगड कोण फेकतो? राहू दिला तिथेच.

यवतमाळला पासिंगच्या मैदानात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. साहेब तरणाच होता, हातात कागद. त्याने दिवे पाहिले, हॉर्न ऐकला. वायपरने अर्ध्या काचेपर्यंत जाऊन थोडा विचार केला आणि मग उरलेली काच पुसली. शेवटी मैदानातल्या बांधलेल्या चढावर गाडी मधोमध थांबवायची होती, आणि हँडब्रेक ओढून पाय काढायचा होता. मला कोणी उतर म्हटलं नाही, म्हणून मी बसून होते.

नवऱ्याने गाडी थांबवली, ब्रेक ओढला. गाडी थांबली तसा माझा हात आपोआप दाराकडे गेला. उतरले, मागे गेले, दगड चाकाला लावला, टाचेने ठोकून पक्का केला. पदराला हात पुसत वर पाहिलं, तर साहेब माझ्याकडे बघत होता.

"आजी, हे काय?"

दगड त्याला दिसतच होता. "सवय हाय, साहेब," मी म्हटलं. "कालपर्यंत हाच ब्रेक होता."

आत नवऱ्याने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. हॉर्न वाजला.

साहेब हसला नाही. त्याने नवऱ्याला खाली उतरवलं आणि मला दगड काढायला सांगितला. मी घरची म्हैस परस्पर विकून आल्यासारखा नवरा माझ्याकडे बघत होता. मी दगड काढला. गाडी बोटभर मागे आली आणि थांबली. साहेबाने पुढून दोन्ही हातांनी ढकलून पाहिली. हलली नाही. मग तो आत वाकला, तेलाच्या डब्याचा पत्रा पाहिला, तिथे नीट पत्रा मारून घ्या म्हणाला आणि कागदावर सही केली. गाडीला पाच वर्षं मिळाली. निघताना त्याने मला सांगितलं की दगड इथे टाकून जाऊ नका.

परतताना नवऱ्याने यवतमाळ मागे पडू दिलं. मग म्हणाला, "कायले उतरली वं तू?"

"बारा वर्षं उतरवलं तवा नाही विचारलं," मी म्हटलं.

पुढे एका चढावर चहाची टपरी आहे, तिथे त्याने गाडी लावली. ब्रेक ओढला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तोही बसून राहिला. टपरीवाला दोनदा विचारून गेला. नवऱ्याने दांडी आणखी थोडी वर ओढली, पाय हळूच काढला, परत ठेवला. पुन्हा काढला. गाडी जागची हलली नाही.

तरी तो उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं.

"पाय बाजूले घे वं," म्हणाला, आणि दगड घेऊन मागे गेला.