भिवा वर आला का?

उजव्या हाताची मूठ वळून मागच्या बाकावरचे काका ती हवेत दोनदा फिरवायचे, गंजलेला नळ उघडावा तशी, आणि म्हणायचे, "साहेब, एक बारीक शंका होती."

बारीक! त्यांच्या एका बारीक शंकेपायी मी एकदा वाचनालयातल्या एकाच खुर्चीवर इतका वेळ बसलो की खिडकीतल्या कुंडीत मोगऱ्याला कळी आली, उमलली आणि गळून पडली. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. उडणाऱ्या रेड्यांवर लिहून पोट भरणारा माणूस मी, तरी मोगऱ्याबद्दल खोटं बोलणार नाही.

उडणारे रेडे म्हणजे काय, ते आधी सांगतो. 'काळकडा' नावाची सात खंडांची अद्भुत गाथा मी लिहिली. तीन राज्यं, दोन आकाशं, एक काळा गड, राणी मेघांबरी, सेनापती अर्कध्वज आणि हे रेडे. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही लिहायचं असेल तर हात जोडून सांगतो, लावणी लिहा, पाकक्रिया लिहा, हे करू नका. ब्रह्मदेव व्हायला म्हणून मी निघालो आणि चौकशीच्या खिडकीवरचा कारकून होऊन बसलो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मुलुंडच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर माझे वाचक जमतात. मेघांबरीच्या आजीचं माहेर कुठलं? रेडा भर पावसात उडतो का? अर्कध्वजाच्या तलवारीची मूठ दुसऱ्या खंडात हस्तिदंती आहे, तिसऱ्यात चांदीची कशी? माझी चूक सापडली की मी गंभीर चेहरा करून "शाप" म्हणतो. चौथ्या खंडापर्यंत त्या राज्यात इतके शाप साचले होते की धड माणूस शोधावा लागला असता. पोरं मात्र खूश. वहीत लिहून घेतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात आणि पुढच्या महिन्यात शापावरचे प्रश्न घेऊन येतात. माझे केस प्रश्नागणिक एक असे पिकले. आता उरलेले काळे मोजून दाखवता येतील.

अशा त्या घोळक्यात हे सत्तरी ओलांडलेले काका मागच्या बाकावर बसायचे. मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे स्वतः पाणी खात्यात चावीवाले म्हणून निवृत्त झालेले. चावीवाला म्हणजे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडून वस्त्यांना वेळेवर पाणी सोडणारा माणूस. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, आणि ती फिरवली की भांडुपपासून मुलुंडपर्यंतच्या बादल्या एकदम उठून उभ्या राहायच्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि अतिशयोक्तीच्या बाबतीत मी दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसत नाही.

माझं पुस्तक त्यांनी का उचललं, तेही ऐका. "सगळ्यात जाड होतां म्हणून. गुडघे दुखतत. परत परत बदलूक कोण येतलो?"

त्यांची पहिली शंका पाण्याची. काळकड्याला वेढा पडलाय, वेढा तीन वर्षं चाललाय, गडावर चाळीस हजार माणूस.

"पाणी खंयसून?" त्यांनी विचारलं.

"विहिरी आहेत ना, काका."

"किती?"

"पुष्कळ."

"डोंगराच्या टोकावर पुष्कळ?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं टाकी तळमजल्यावर बसवून चौथ्या मजल्यावर धार यायची वाट पाहणाऱ्या प्लंबरकडे पाहावं.

'शाप' म्हणायची सोय नव्हती. मी घरी गेलो आणि चौथ्या खंडात गडाखाली मुकाट्याने एक अजस्र तळघर खोदलं. झऱ्याचं पाणी दगडी दारातून आत येतं, दार एका माणसाच्या ताब्यात. तोवर माझ्याजवळची भारदस्त नावं संपली होती. अर्कध्वज, वज्रबाहू, सगळे वाटून झाले होते. म्हणून त्या माणसाचं नाव ठेवलं, भिवा.

पुढची गोष्ट अशी की शत्रू झऱ्यात विष कालवतो. राणी हुकूम देते, दार बंद करा. भिवा पलिता घेऊन तीनशे पायऱ्या उतरतो, एकट्याने दार लोटतो, गड वाचतो. मग राज्याभिषेक. ऐंशी पानं मी नुसत्या पंक्ती वाढत होतो. त्यात खंड संपला.

खंड बाजारात आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरून मूठ फिरली. "साहेब, भिवा वर आला का?"

हॉल खदखदून हसला. मीही हसलो, पण माझं हसू जरा उशिराने आलं. कारण मी त्याला विसरलो होतो. मेला असं लिहिलं नव्हतं, आला असंही नव्हतं. तीनशे पायऱ्यांखाली एक माणूस ठेवून मी वर बासुंदी वाटत होतो.

"आजोबा, साइड कॅरेक्टर आहे तो!" एक पोरगी म्हणाली. "गेला असेल ना."

"गेला असां खंय लिवलाहा?" त्यांनी विचारलं. चेष्टेत नाही. शांतपणे, पान दाखव म्हणावं तसं.

नंतर जिन्यात त्यांनी मला त्यांच्या कामाची रीत सांगितली. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये माणूस उतरला की जोडीदाराने वर बसून राहायचं. खालचा वर येईपर्यंत झाकणापासून हलायचं नाही. चहाला नाही, लघवीला नाही, साहेबाने बोलावलं तरी नाही. स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी जोडीदार खाली अडकलेलं काम करत होता, म्हणून हे भर उन्हात तिथेच बसले आणि तीन तास उशिरा, चिखलाने बरबटून मांडवात पोचले. मुलीकडच्यांना वाटलं, नवरदेव गटारात पडला, आता अंगठी कुठल्या बोटात घालायची ते आधी धुऊन शोधावं लागेल. "तुम्ही झाकण लावून जेवायला गेलात, साहेब," ते म्हणाले. रागावून नव्हे. कामातली चूक दाखवतात तसं.

पाचवा खंड आला. त्यात भिवा नव्हता. कारण आता मी थकलो होतो. खरंच सांगतो. पाच खंडांत अडीचशे माणसं मारली, तेवढीच जन्माला घातली, प्रत्येकाचं गोत्र लक्षात ठेवलं. मला आता फक्त संपवायचं होतं. आणि दर महिन्याला मागच्या बाकावरून तीच मूठ, तोच प्रश्न. पोरं आता त्यांच्यासोबत कोरसमध्ये म्हणायची, "भिवा वर आला का?"

सहावा खंड बाहेर पडला त्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आला हो, काका, वर आला! या खंडात आहे. वाचा नीट."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग चार महिने ते आले नाहीत. मी सुटलो. प्रश्न आपले रेड्यांचे, माहेरांचे, शापांचे. चहा गरम असतानाच प्यायला मिळायचा. त्यांच्या एका डोळ्यात काचबिंदू होता, दुसऱ्यालाही जेमतेम दिसायचं, हे मला कुणीतरी त्या काळात सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो आणि बिस्किट बुडवलं.

पाचव्या महिन्यात ते आले. जिना चढायला त्यांना कठड्याचा आधार लागत होता. बगलेत सहावा खंड, साडेसहाशे पानांचा. खिशातून भिंग डोकावत होतं. सगळे निघून जाईपर्यंत बसले आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दोनदा वाचलं, साहेब. रोज दहा-बारा पानं, उजेड असेपर्यंत. बहुतेक माझ्याच नजरेतून सुटलं. पान किती नंबरचं ते सांगता?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत. बहुतेकांचे मला पैसे मिळाले आहेत. पण त्या साडेसहाशे पानांपुढे माझी जीभ उचलेना.

"काका, मी खोटं बोललो. भिवा सहाव्यात नाहीये."

मला वाटलं, आता हे पुस्तक माझ्या डोक्यात घालतील. घालायलाच हवं होतं, वजनही योग्य होतं. पण त्यांनी पुस्तक पुन्हा बगलेत घेतलं. माझ्या खोट्याचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे अजून खालीच आसा तो?"

सातवा खंड तेव्हा छपाईला निघाला होता. मी प्रकाशकबाईंना फोन केला.

"चार पानं वाढवायचीत."

"कुणाची?"

"भिवाची."

"हा कोण?"

"चौथ्या खंडातला."

"अहो, चौथ्या खंडात चारशे माणसं आहेत!"

"त्यातला एक खाली राहिलाय."

"कुठे खाली?" बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "बरे आहात ना? झोप होतेय का?" पण आठवडाभर थांबायला कबूल झाल्या.

चार पानं लिहून मी दुपारी त्यांच्या घरी गेलो, मुलुंडच्या डोंगराखालच्या वस्तीत. एका खोलीचं घर, खाट, दाराशी चार पिंपं काठोकाठ भरलेली. चावीवाल्याच्या घरी पाण्याचा साठा पाहून मला हसू आलं. काकी म्हणाल्या, "हसा. हे म्हणतात, पाणी कधी येणार नाही ते सोडणाऱ्यालाच माहीत असतं." ते खाटेवर बसले होते. आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. भिंग खिडकीत पडलं होतं.

मी वाचून दाखवलं. सात वर्षं झाली आहेत, पलिता कधीच विझलाय, दारापलीकडचं पाणी विषारी, अलीकडचं आटलेलं, भिवा एका कपारीतून गळणाऱ्या थेंबांवर जगला आहे.

"किती थेंब?" त्यांनी विचारलं.

"काका!"

"बरां, ऱ्हवां दे. फुडे?"

पुढे तो अंधारात चाचपडत पायऱ्या शोधतो, एकेक करून चढतो, वर येतो. मी जरा जोरात वाचत होतो, आवाजात थोडी कापरी धार आणून. शेजारची बाईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. पानं संपली. मला वाटलं, आता दाद.

त्यांनी मान हलवली. "वर कोण होतां?"

"वर? कोणी नाही. तो एकटाच येतो. स्वतःच्या जिद्दीने."

"तसा येणा नाय." ते समजावून सांगू लागले. खाली अंधारात वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळत नाही. वरच्याने बोलत राहावं लागतं. महत्त्वाचं नाही, कायपण. जेवलास काय, बायको कशी आहे, पावसाचं काय म्हणतोस. खालचा चिडतो, शिव्या देतो, गप बस म्हणतो. देऊ दे. "विचारत राहायचां, साहेब. उत्तर येताहा तोवर माणूस आसा. आवाज येता त्या बाजूक तो चढता."

इतके महिने हा माणूस मागच्या बाकावरून मूठ फिरवत होता, आणि मी चिडत होतो. असो. लेखकाला आपल्या कथेचा अर्थ शेवटी कळतो, आणि तोही दुसऱ्याने सांगितला तर.

तिथेच, पिंपाच्या झाकणावर कागद ठेवून, मी पुन्हा लिहिलं. तळघराच्या तोंडाशी एक म्हातारा घातला. सात वर्षं तो रोज तिथे येऊन बसतो आणि खाली तोंड करून फालतू प्रश्न विचारतो. गडावरचे लोक त्याला वेडा म्हणतात. काय विचारायचं ते काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. पुष्कळसे प्रश्न जेवणाबद्दलचे होते.

पुस्तक बाजारात आलं तेव्हा ते नव्हते. पावसाळा संपता संपता गेले. मला कळलं तेव्हा दहावा झाला होता. रविवार चालू आहेत. सातव्या खंडातल्या राणीच्या लग्नाबद्दल कुणी फारसं विचारत नाही, प्रकाशकबाईंना ते अजून पटत नाही. सगळ्यांना तळघराशी बसलेला म्हातारा हवा आहे. तो हरवलेला राजा आहे का? जलदेवता? की मेघांबरीचा बाप? ग्रुपवर म्हणे अकरा थिअऱ्या आहेत. मी चहा पितो आणि सगळ्यांना होकार देतो. वाद घालायची ताकद आता राहिली नाही. मागच्या बाकावर कुणी बसत नाही म्हणून वाचनालयाने तो खाली हलवला. त्याच्या जागी वर्तमानपत्रं टांगायचा घोडा आहे.

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं. नवी पानं मी त्यांना वाचून दाखवली. म्हातारा विचारतो, भिवा शिव्या घालतो, म्हातारा पुन्हा विचारतो, आणि शिव्या पायरी पायरीने जवळ येतात. शेवटी दगडाच्या कडेवर एक हात दिसतो. म्हातारा तो धरतो. मी थांबलो. आता शंका येणार म्हणून मी पेन उघडंच ठेवलं होतं.

शंका आली नाही. काका बायकोकडे तोंड वळवून म्हणाले, "अगो, तेका पाणी दी. सात वर्सां थेंबांर काढल्यान."

काकींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उठल्या, पिंपातून दोन पेले भरले. एक माझ्या हातात दिला आणि दुसरा खाटेच्या रिकाम्या बाजूला, कुणी बसलं असतं तर हात पोचेल असा ठेवला.