उजव्या चाकाचा तुंबा

वर्ध्याच्या कापूस बाजारामागच्या गॅरेजात प्रेमदास फिटर होता. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करताना तोफांच्या धडाक्यानं त्याचे कान अधू झाले, अन् पुढं जवळजवळ गेलेच. हे फक्त बायकोला, जिजाबाईला ठाऊक. इतरांपुढे तो ओठांवरून बोलणं ओळखायचा. नाही कळलं तर मान डोलवायचा.

१९५७च्या हंगामात हिरालाल शेठचा ट्रक आला. शेठही सोबत होता.

"मांगून घुरघुरून राह्यली," ड्रायव्हर गुलाब म्हणाला. "वळणावर तं दळण दळल्यावानी आवाज येते."

प्रेमदासनं मागच्या अॅक्सलवर हात फिरवला. मधला गिअरांचा गोळा कोमट, डावं चाकही कोमट. उजव्या चाकाच्या तुंब्यावर, मधल्या जाड गाभ्यावर, मात्र हात ठरेना. त्यानं ते चाक जॅकवर उचललं, सळईचं एक टोक तुंब्याला टेकवलं, दुसरं दातांत धरलं अन् चाक फिरवलं. खरखर दातांतून थेट डोक्यात गेली.

"बेअरिंग गेलं, शेठ. बदलल्याबिगर नेऊ नका."

"नागपूरहून बेअरिंग येईस्तोवर हिंगणीचा कापूस उघड्यावर ठेवू काय? ग्रीस भर अन् जाऊ दे."

प्रेमदासला राहवेना. तो गुलाबशेजारी जाऊन बसला. जाताना गाडी रिकामी होती. वाटेत थांबवून थांबवून तो तुंबा चाचपत होता. चाक सोसत होतं. हिंगणीला कापूस लादला नि ते परतले.

वाटेत गुलाबनं रस्त्यावरची नजर न काढता काहीतरी विचारलं. प्रेमदासला नुसता जबडा हललेला दिसला. त्यानं सवयीनं मान डोलवली. गुलाबनं गाडी तशीच पुढं दामटली.

उतारावर उजवं चाक तुंब्यासकट निखळलं. ट्रक नाल्यात उलटला. प्रेमदास बाहेर फेकला गेला. गुलाब आत चेपला. त्याचे ओठ हलत होते, पण तोंड रक्तानं भरलेलं. प्रेमदास पार जवळ वाकला, तरी त्याला एक अक्षर कळलं नाही. माणसं धावत येईपर्यंत ओठ थांबले होते.

गुलाबची माती झाल्यावर त्याच्याच अंगणात त्याची बायको सुलोचना प्रेमदाससमोर येऊन बसली.

"भाऊजी, तुमीच जवळ होते. काय म्हनलं त्यायनं?"

शेजारी बसलेल्या जिजाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी गोड सांगून टाकावं, असं तिच्या नजरेत होतं.

"मले ऐकू येत नाई, वहिनी," प्रेमदास म्हणाला. "गाडीतही त्यानं काई पुसलं होतं. थांबू काय, असंच पुसलं असन. मी मान हलवली."

 सुलोचना उठून आत गेली अन् तिनं दार लावून घेतलं.

चौकशीत हिरालाल शेठनं सांगितलं, फिटर बहिरा होता. ग्रीस भरून गाडी कोणी काढायला लावली, हे कोणी विचारलं नाही. गॅरेजमालकानं प्रेमदासला काढून टाकलं. पुढं तो सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी उचलू लागला. सुलोचनाही तिथंच कापूस निवडायला यायची. ती दिसली की तो पाठीवरचं ओझं घेऊन तसाच उभा राहायचा. ती बाजूनं निघून जायची.